बाळाच्या घरी काय असावे?

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरात बाळ जन्माला आले म्हणजे त्या घराचा सारा नित्यक्रम बदलतो. पाळणा टांगला जातो, जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली जातात, आजोळाहून झबली-टोपडी येतात. या आनंदाबरोबर एक प्रश्नही घरात शिरतो. बाळासाठी नेमके काय आणावयाचे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया देत असत. आज ते उत्तर दुकानदार देतो, जाहिरात देते आणि हातातील भ्रमणध्वनीही देतो. परिणामी मजुरीवर पोट असलेले तरुण जोडपेसुद्धा दुधाच्या पावडरीचा डबा, दुधाची बाटली, चाकांची बैठी गाडी आणि सुगंधी पावडर यांवर हातचे पैसे खर्च करून बसते. त्याच घरात साबणाची वडी नसते, क्षारसंजीवनीची पुडी नसते आणि लसीकरणाचे कार्ड कोठे ठेवले आहे हे कोणास सांगता येत नाही.

जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ नव्हे. या वयात अतिसार दोन दिवसांत होत्याचे नव्हते करतो आणि न्यूमोनिया त्याहूनही कमी वेळ देतो. वाचलेल्या बाळाच्या अंगात कुपोषण घर करून राहिले तर त्याची उंची, प्रतिकारशक्ती आणि शिकण्याची उमेद यांवर त्याचा ठसा उमटतो. म्हणून बाळाच्या घरी काय असावे हा प्रश्न जितका घराचा आहे तितकाच तो गावाचाही आहे.

गडचिरोलीचा धडा

थोड्या आणि साध्या साधनांनी किती साधते याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातीलच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांच्याजवळ वजनकाटा, तापमापी, श्वास मोजण्याचे साधन, बाळाला उबदार ठेवण्याची पिशवी आणि मोजकी औषधे होती. या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने नवजात बालकाच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. आज दवाखान्यात बाळंतपण झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी देते. बाळंतपण घरी झाले असल्यास पहिल्या दिवसाची एक भेट अधिक असते.

या प्रयोगाचा बोध असा की, बाळाला वाचविणाऱ्या वस्तू महाग नसतात. मात्र त्या वेळेवर हाताशी असाव्या लागतात आणि त्यांचा उपयोग जाणणारे माणूस जवळ असावे लागते.

पहिली गरज : आईचे दूध

बाळाच्या गरजांच्या यादीत पहिले स्थान ज्या गोष्टीचे आहे ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. जन्मानंतर एका तासाच्या आत बाळास अंगावर पाजावयास घ्यावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. तो पिळून टाकून देण्याची चाल अद्याप काही घरांत आढळते. वस्तुतः या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाव्यतिरिक्त काहीही देऊ नये. मध नको, साखरेचे पाणी नको आणि वैशाखातील उन्हाळ्यात साधे पाणीदेखील नको, कारण दुधातच पुरेसे पाणी असते. मधाविषयी विशेष सावधगिरी हवी. एक वर्षाखालील बाळाला तो मुळीच चाटवू नये. मधातील काही सूक्ष्म जंतूंमुळे त्या वयात स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा होऊ शकते.

येथे गुटीचा प्रश्न उपस्थित होतो. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून बाळास देण्याची रीत प्रेमातून आली आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु सहाण, पाणी आणि हात यांपैकी एक जरी अस्वच्छ असले तरी त्या थेंबाबरोबर रोगजंतू पोटात जातात. जायफळाचे प्रमाण वाढले तर बाळ गुंगते आणि दूध ओढीत नाही. म्हणून सहा महिन्यांपर्यंत गुटीही नको, हे आजीबाईंना आदराने समजावून सांगावे. आजीचा अधिकार डावलून सुनेला सांगितलेली गोष्ट त्या घरात टिकत नाही, हा अनुभव प्रत्येक अंगणवाडी सेविकेच्या गाठीशी आहे.

दुधाची बाटली ही बाळाच्या घरातील सर्वांत धोक्याची वस्तू होय. तिच्या बुचात आणि रबरी बोंडात साचलेले दूध तासा-दोन तासांत नासते आणि ते काढण्यास हात पोहोचत नाही. म्हणूनच १९९२ मध्ये संसदेने अर्भक दुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि अर्भक आहार यांविषयी कायदा केला व २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या अशा पदार्थांची आणि बाटल्यांची जाहिरात करणे या कायद्याने निषिद्ध आहे. काही कारणाने बाळास वरचे दूध द्यावेच लागले, अथवा आई कामावर जाताना आपले दूध काढून ठेवीत असली, तर वाटी आणि चमचा पुरे. जुन्या घरांतील बोंडलेही चालेल. मात्र ते प्रत्येक वेळी घासून, उकळत्या पाण्यात घालून घ्यावे.

सहा महिन्यांनंतरची वाटी

सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावयास हवे. येथे दोन प्रकारच्या चुका होतात. काही घरांत उष्टावणाचा मुहूर्त लांबतो आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत केवळ दुधावर राहते. काही घरांत वरणाचे पाणी किंवा भाताची पेज देऊन समाधान मानले जाते. पाण्याने पोट भरते, पोषण मात्र होत नाही. चमचा कलता केला असता ओघळून पडणार नाही इतके दाट अन्न असावे. मऊ मुगाची खिचडी, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, वरणात कुस्करलेली भाकरी, शिजवून घोटलेली भाजी आणि चालत असल्यास अंडे हे पदार्थ प्रत्येक गावात मिळतात. त्यांवर चमचाभर तेल किंवा तूप घालावे, कारण बाळाचे पोट लहान असते आणि थोड्या अन्नातून त्यास पुष्कळ शक्ती मिळावी लागते.

सहा ते आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन ते तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन ते चार वेळा असे अन्न द्यावे. शिवाय अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावे. यासाठी घरात फार काही लागत नाही. बाळाची स्वतंत्र वाटी आणि चमचा असावा. स्वतंत्र वाटी असली म्हणजे बाळाने किती खाल्ले ते आईला दिसते. मोठ्या भावंडांच्या ताटात जेवणारे मूल किती खाते, हे कोणालाच कळत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी अंगणवाडीतून घरपोच आहार दिला जातो. हा आहार बाळाच्या वाट्याचा आहे. तो घरातील सर्वांमध्ये वाटला जात नाही ना, हे पाहण्याचे काम पाकिटे मोजून होत नाही. त्यासाठी घरी जाऊन दोन शब्द बोलावे लागतात.

कपडे, अंथरूण आणि ऊब

जन्मलेल्या बाळाचे अंग लवकर थंड पडते. त्याला कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी धरणे हा उबेचा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळास तर असे दिवसातून कित्येक तास धरावे. वडिलांनीही हे काम करावे, त्यात कमीपणा नाही. अंघोळीची घाई करू नये. जन्मानंतरचा पहिला दिवस तरी ती टाळावी आणि कमी वजनाच्या बाळास केवळ पुसून घ्यावे. नाळेवर हळद, तेल अथवा राख लावू नये. ती कोरडी राहिली म्हणजे आपोआप गळून पडते.

कपड्यांच्या बाबतीत मराठी घराची जुनी पद्धत मोठी शहाणपणाची आहे. धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी आणि लंगोट, डोके व पाठ झाकणारी कुंची, अंगात सैल झबले आणि खाली गोधडी हा साज कमी खर्चाचा आणि बाळाच्या कातडीस मानवणारा आहे. लंगोट साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. ते घरातील काळोख्या कोपऱ्यात वाळत घालण्याची रीत सोडून द्यावी.

काही रीती मात्र आता थांबवावयास हव्यात. शेगडीवर ओवा आणि ऊद टाकून बाळाला धुरी दिली जाते. तो धूर बाळाच्या नाजूक फुप्फुसांत जातो. बंद खोलीत पेटलेले निखारे ठेवणे तर आई आणि बाळ या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. काजळात शिसे असू शकते आणि ते लावणाऱ्या बोटाने डोळे येतात. कानात व नाकात तेल सोडू नये. सुगंधी पावडर श्वासावाटे आत जाते, म्हणून तीही नको. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी घेण्याचीही आवश्यकता नाही. बाळाला उताणे, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवावे व त्याच्या तोंडाशी मऊ उशा आणि पांघरुणाचे ढीग ठेवू नयेत. मच्छरदाणी मात्र अवश्य असावी. तिच्या कडा गोधडीखाली नीट खोचल्या म्हणजे डासांबरोबरच विंचूकाट्यापासूनही संरक्षण मिळते.

साबण आणि पाणी

बाळाच्या घरात एका वस्तूचा खर्च कधीही टाळू नये आणि ती वस्तू म्हणजे साबण. शौचास जाऊन आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि बाळास भरविण्यापूर्वी हात साबणाने धुतले तर अतिसाराचा मोठा भाग टळतो. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज खोटा आहे. तिच्यातही रोगजंतू असतात. ती उकिरड्यावर अथवा ओढ्यात न टाकता शौचालयातच टाकावी. पिण्याचे पाणी गाळून, उकळून, झाकून ठेवावे आणि ते काढावयास लांब दांड्याचे ओगराळे असावे.

अलीकडे खेड्यांतही कागदी लंगोट येऊ लागले आहेत. प्रवासात त्यांचा उपयोग होतो हे खरे. परंतु ते ओले राहिले तर बाळाच्या मांड्या लाल होतात, आणि वापरून झाल्यावर ते नाल्यात फेकले तर ग्रामपंचायतीपुढे कचऱ्याचा नवा प्रश्न उभा राहतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत असा कचरा वेगळा गुंडाळून देण्याची तरतूद करण्यात आली होती. गावात तो गोळा करण्याची सोय आहे किंवा नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे.

औषधाचा डबा आणि धोक्याच्या खुणा

१९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचा द्राव संपत आला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देण्यास सुरुवात केली आणि असंख्य प्राण वाचले. त्या द्रावणाचीच पुडी आज क्षारसंजीवनी अथवा ओआरएस या नावाने आशा कार्यकर्तीजवळ आणि आरोग्य उपकेंद्रात विनामूल्य मिळते. एक मोठी पुडी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवावी आणि २४ तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, चमच्या-चमच्याने पाजावे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचा अंदाज चुकू देऊ नये. जुलाब थांबले तरी झिंकची गोळी १४ दिवस द्यावयाची असते. सहा महिन्यांवरील बालकास २० मिलिग्रॅमची एक गोळी आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळास अर्धी गोळी, आईच्या दुधात विरघळवून द्यावी. जुलाबात अन्न आणि अंगावरचे दूध बंद करणे ही घोडचूक होय.

औषधाच्या डब्यात क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या, झिंकच्या गोळ्या, तापमापी आणि डॉक्टरांनी वजनानुसार मात्रा लिहून दिलेले तापाचे औषध एवढे असले म्हणजे पुरे. खोकल्याच्या गोड औषधाची बाटली त्यात असू नये. दोन वर्षांखालील मुलांना खोकला व सर्दीची औषधे देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ मध्ये सर्व राज्यांना कळविले आहे.

औषधांच्या डब्यापेक्षाही मोलाचे आहे ते धोका ओळखण्याचे ज्ञान. बाळ दूध ओढीत नाही, मलूल पडले आहे, अंग तापले किंवा गार पडले आहे, आचके येत आहेत, श्वास घेताना छाती खाली खोल जाते आहे, अशी कोणतीही खूण दिसताच क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा. बाळ शांत असताना एक पूर्ण मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. हा क्रमांक पाळण्याजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

कागदपत्रांची पिशवी

बाळाच्या घरी एक पिशवी कागदांची असावी. तीत पहिला कागद जन्मदाखल्याचा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या कायद्यातील दुरुस्तीनुसार, त्या दिवसापासून जन्मलेल्या व्यक्तीस शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. आज चुकलेली नोंद सहा वर्षांनी शाळेच्या दारात अडचण होऊन उभी राहते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

दुसरा कागद म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. त्यावर लसींच्या तारखा असतात आणि वाढीचा आलेखही असतो. जन्मतःच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब प्रतिबंधक लस, नंतर ६, १० व १४ आठवड्यांच्या लसी, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान दुसरी मात्रा व बूस्टर, हा क्रम कार्डात छापलेला असतो. लसीनंतर येणारा थोडा ताप पाहून पुढची मात्रा चुकविणारे पालक आढळतात. त्यांना पोलिओची गोष्ट सांगावी. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. दाराशी येणाऱ्या कार्यकर्तीला त्या वर्षांत घराघरांतून मूल पुढे करण्यात आले, म्हणून हे साधले.

वजनाचा आलेख हा तर बाळाचा आरसा. निरोगी बाळाचे वजन पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षात सुमारे तिप्पट होते. आलेखाची रेषा आडवी झाली, म्हणजे वजन वाढले नाही, तर बाळ वरवर हसते-खेळते दिसत असले तरी चौकशी करावयास हवी. रेषा खाली वळेपर्यंत थांबू नये.

रांगणाऱ्या मुलाचे घर

मूल रांगू लागले की घरातील प्रत्येक वस्तू त्याच्या हाताच्या टप्प्यात येते. या वयात खरेदी करण्यापेक्षा उचलून वर ठेवणे महत्त्वाचे. शीतपेयाच्या बाटलीत भरलेले रॉकेल, शेतातून आणलेले कीटकनाशक, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि खेळण्यातील चपटे सेल ही सारी कुलपात असावीत. रॉकेल प्यालेल्या मुलाला ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याने रॉकेल फुप्फुसात उतरते. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके आणि नाणी श्वासनलिकेत अडकतात. पाण्याने भरलेली बादलीसुद्धा वर्षाच्या मुलाला बुडवू शकते. चुलीवरून उतरविलेले आमटीचे पातेले जमिनीवर ठेवू नये. भाजले तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई किंवा दंतमंजन लावू नये.

मुलाला बसवून चाकांवर फिरविणारी गाडी पालक हौसेने घेतात. तिच्यामुळे चालणे लवकर येत नाही, उलट मूल पायरीवरून अथवा चुलीपाशी वेगाने जाऊन आपटते. कॅनडाने २००४ मध्ये अशा गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडील लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. तो सपाट अंगणात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली असावा, इतकेच.

खेळणे आणि बोलणे

खेळणे महाग असावे लागते हा समज ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी खोटा ठरविला. १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंमधूनच बालशिक्षण उभे केले. बालवाडी मुलांच्या अंगणात नेण्याच्या त्यांच्या कल्पनेतूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. लहान मुलाच्या तोंडात मावणार नाही एवढी मोठी लाकडी वाटी, कापडी चेंडू, एकात एक बसणारे डबे ही खेळणी घरातच असतात. त्यांच्याहूनही मोठे खेळणे म्हणजे मुलाशी बोलणारे माणूस. हातात भ्रमणध्वनी देऊन मूल गप्प बसते, पण शब्द शिकत नाही. एक वर्षाखालील बाळास पडदा मुळीच दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले आहे.

फडात जाणारे बाळ

येथवर सांगितले ते स्वतःचे घर असलेल्या कुटुंबांविषयी. परंतु दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी. बाळ उसाच्या पाचटाजवळ झोळीत निजलेले असते आणि आईच्या हातात कोयता असतो. या बाळाच्या गाठोड्यात काय बांधून द्यावयाचे, हा गावापुढचा खरा प्रश्न आहे. माता व बाल संरक्षण कार्ड, क्षारसंजीवनीच्या पुड्या, मच्छरदाणी, कुंची, साबण, झाकणाची वाटी आणि नाचणीचे पीठ एवढे त्यात हवे. गाव सोडण्यापूर्वी बाळाचे वजन करून आणि लागू असलेली लस देऊन ते कार्डावर नोंदवावे. लस देशात कोणत्याही शासकीय केंद्रावर घेता येते, हे आई-वडिलांना सांगावे. जेथे कुटुंब उतरते त्या गावच्या अंगणवाडीनेही हे बाळ आपलेच मानावयास हवे. मुकादमाच्या यादीत कोयत्यांची संख्या असते, बाळांची नसते. ही यादी पंचायतींनी करावी.

पंचायतीची जबाबदारी

घराने साबण आणला तरी नळाला पाणी नसेल तर हात धुतले जात नाहीत. आईने कार्ड जपले तरी अंगणवाडीचा वजनकाटा बिघडलेला असेल तर आलेख कोरा राहतो. चार वाड्यांच्या गावात पावसाळ्यात उपकेंद्राचा रस्ता चिखलात बुडतो, तेव्हा लसीकरणाचा दिवसही बुडतो. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. तो वर्षअखेरीस घाईने भांडी किंवा सतरंज्या घेण्यात जाऊ नये. वजनकाट्याची दुरुस्ती, अंगणवाडीत पाण्याची टाकी, उघड्या विहिरीला कठडा, शेतमजूर स्त्रियांच्या बाळांसाठी सावलीची जागा आणि एक सांभाळणारी बाई, ही कामे त्यातून व्हावीत. वर्षातून चार वेळा होणाऱ्या ग्रामसभेत किती बाळांचे वजन घटले, किती लसी चुकल्या आणि का चुकल्या, यांचा हिशोब गटारांच्या हिशोबाबरोबरच वाचला जावा.

शिक्षकांचे सहकार्यही या कामी मोलाचे आहे. शाळेतील पाचवी-सहावीच्या मुली आणि मुलगे घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. क्षारसंजीवनीचे द्रावण करणे, श्वास मोजणे आणि हात धुणे ही कौशल्ये एका तासिकेत त्यांना प्रत्यक्ष शिकविता येतात. ज्या घरात कार्यकर्तीचा शब्द पोहोचत नाही तेथे मुलांचा शब्द पोहोचतो.

शेवटी आईविषयी. बाळाच्या आवश्यक गोष्टींच्या कोणत्याही यादीत आईची पोटभर भाकरी, तिची दुपारची झोप आणि तिला कामातून मिळणारी उसंत यांची नोंद सहसा नसते. ओल्या बाळंतिणीला विहिरीवरून हंडे वाहावे लागत असतील तर बाळाच्या दुधावर त्याचा परिणाम होणारच. घरातील पुरुषांनी पाणी भरणे, लंगोट धुणे, दवाखान्यात बाळाला नेणे ही कामे आपली मानली तर त्या घरास दुकानातून आणावयाच्या वस्तू फारच थोड्या उरतात. प्रत्येक पंचायत सदस्याने आपल्या प्रभागातील तीन वर्षांखालील मुलांची घरे मोजावीत, येत्या महिनाभरात त्या प्रत्येक घराचा उंबरठा एकदा ओलांडावा आणि तेथे साबण, कार्ड व क्षारसंजीवनीची पुडी आहे की नाही हे पाहावे. जेथे नसेल तेथे ती पोहोचती करावी. कामाचा आरंभ तेथूनच व्हावयाचा आहे.